धुऊन आलेला डबा

१

शेषेरावानं उभा जन्म एसटी चालवली, आणि तीही बहुतेक नांदेड-लातूर याच रस्त्यावर. या रस्त्याच्या एकेका फाट्याला, एकेका चिंचेला लोकांनी भुतं चिकटवून ठेवलीत. शेषेरावाच्या गाडीला मात्र कुणी कधी हात केला नाही. केला असता तरी त्यानं गाडी थांबवली नसती, कारण तिथं थांबा नव्हता. माणूस असा होता. रिटायर झाल्यावर त्यानं नांदेडलाच, नदीकाठच्या कौठ्यात छोटंसं घर बांधलं आणि बायको धोंडाबाईसोबत सुखानं भांडत बसला.

त्यांना एकच लेक, तनुजा. तिला दिली ती पुलापलीकडे, जुन्या नांदेडात, गाडीपुऱ्याच्या गल्लीत. सासर आणि माहेर यांच्यामध्ये फक्त तो सिमेंटचा पूल, आणि खाली गोदावरी, जिला इथं सगळे गंगाच म्हणतात. आठवड्यातून चारदा लेक माहेरी येई, आणि शेषेराव कुरकुर करी की हिचं लग्न झालं की नुसती खोली बदलली.

मग तनुजाला दिवस गेले. पाचवा लागला तशी तिची सासू गुणाबाई म्हणाली की पोटुशी बाईनं गंगा ओलांडू नये, आता बाळंतपण होईस्तोवर माहेरी जाणं बंद. गुणाबाई काही खाष्ट नव्हती. तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं, तेच तिनं सांगितलं. धोंडाबाईलाही ते पटलं. तनुजाला पटलं नाही, पण सासूचा शब्द मोडायचा नव्हता. तिनं दोन दिवस विचार करून वाट काढली.

"ओलांडू नको म्हणल्या, आत्याबाई," ती म्हणाली. "मध्यापर्यंत जाऊ नको असं कुटं म्हणल्या?"

पुलाच्या बरोबर मध्यावर रस्त्यात एक लोखंडी पट्टी आडवी बसवलेली आहे. गाडी तिच्यावरून गेली की धड-धड असा आवाज होतो आणि पायाखालचा पूल थरथरतो. संध्याकाळी तनुजा पलीकडून यायची आणि पट्टीच्या त्या बाजूला उभी राहायची. धोंडाबाई डबा घेऊन इकडून जायची आणि या बाजूला थांबायची. डबा पट्टीवरून पलीकडे जायचा. कधी अंबाडीची भाजी, कधी धपाटे आणि वर लोण्याचा गोळा. तनुजा तिथंच कठड्याला टेकून अर्धं खायची आणि दुसऱ्या दिवशी डबा धुऊन परत आणायची. आत चिमूटभर साखर असायची, नाहीतर चार शेंगदाणे, कारण माहेरचा डबा रिकामा पाठवत नाहीत.

शेषेराव कौठ्याच्या टोकाला चहाच्या टपरीवर बसून राहायचा. बायकांच्या गोष्टीत आपलं काय काम, असं तो म्हणायचा. लांबून त्याला दोघी दिसायच्या, एक बारीक आणि एक दिवसेंदिवस गोल होत चाललेली. निघताना तनुजा हात वर करायची. तोही करायचा. तेवढ्यानं त्याचा दिवस भरून निघायचा, पण हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही.

२

दसऱ्याच्या तोंडावर, आठवा सरत आला असताना, एका रात्री तनुजाच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि सकाळपर्यंत ती राहिली नाही. पोटातलंही राहिलं नाही. त्या दिवशी धोंडाबाईनं पूल ओलांडला. तिनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाली की हिला काल धपाटे पायजे होते.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला. कावळे भरपूर होते. झाडावर होते, पायऱ्यांवर होते, पण पिंडाला एकही शिवेना. जावई म्हणाला, मी दुसरं लग्न करणार नाही. गुणाबाई म्हणाली, तुझे दागिने तुझ्या आईला देते. शेषेरावाला काय कबूल करावं ते सुचेना. शेवटी ऊन तापलं, आणि गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. घराच्या पायरीवर बसल्यावर धोंडाबाईनं सांगितलं की पोरगी उपाशी आहे.

तेरावं झालं आणि ती पुन्हा संध्याकाळी पुलावर जायला लागली. कागदात धपाटा गुंडाळून न्यायची, मध्यावर कठड्यावर ठेवायची आणि परत यायची. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी शेषेरावाला बाजूला घेऊन सांगितलं की वहिनींना डॉक्टरला दाखवा. त्याला वाटलं, दाखवायचं काय? भूक लागलेल्या लेकीला आई खायला घालते, याला औषध कुठलं? तो आपला तिच्यासोबत जाई आणि टपरीवर बसे. हात वर करायला आता समोर कुणी नव्हतं.

दिवाळी झाल्यावर एके सकाळी तो चहाचं पातेलं घ्यायला मांडणीजवळ गेला, तर भांड्यांत तो डबा होता. तनुजाचाच. लग्नाच्या रुखवतातला, नाव कोरलेला, झाकणाला पोचा पडलेला. लेकीच्या सासरी राहिलेला डबा त्या दोघांनीही मागितला नव्हता. मेलेल्या माणसाकडून भांडी परत मागायची नसतात.

त्यानं विचारलं तर धोंडाबाई पीठ मळता मळता म्हणाली की काल कठड्यावर ठेवलेला होता, आपला होता म्हणून आणला. त्यानं झाकण काढलं. डबा आतून ओला होता आणि तळाशी चिमूटभर साखर होती. ओल्या डब्यात असूनही ती विरघळली नव्हती.

"तिला कळतं की," धोंडाबाई म्हणाली. "रिकामा कसा पाटवंल?"

तिनं बोट फिरवून साखर गोळा केली आणि जिभेवर ठेवली.

३

शेषेरावाला राग आला. गुणाबाईच्या घरच्यांनी डबा परत द्यायचा तर घरी येऊन द्यावा. असा पुलावर ठेवून, वर साखर घालून, एका वेड्या झालेल्या आईशी खेळू नये. त्याच दुपारी तो तणतणत गाडीपुऱ्यात गेला.

गुणाबाई त्याला बघून उठून उभी राहिली. तिनं पदर डोक्यावर घेतला, पाणी आणलं, आणि तांब्या हातात असतानाच थबकली. त्यांच्यात जुनी रीत होती की लेकीला लेकरू होईस्तोवर आईबापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. लेकरू झालं की मग मनसोक्त जेवावं. लग्नापासून शेषेराव या घरी किती वेळा आला असेल, पण घसा कोरडा ठेवूनच परत गेला होता. आता ती रीत कधीच सुटणार नव्हती. दोघांच्याही ते एकदमच ध्यानात आलं. गुणाबाईनं तांब्या खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावून रडली.

ती शांत झाल्यावर त्यानं डब्याचं काढलं, पण आवाजात आता धार नव्हती.

"डबा?" गुणाबाई म्हणाली. "पाव्हणे, डबा तर गंगेत पडला. त्या दिवशी शेवटची आली ना पुलावरून, तवा हातातून निसटला म्हणली. लई हळहळली. मायला सांगू नका म्हणली, उद्या दुसरा नेऊन देते. पडताना वाकून बगितलं म्हणं तिनं. खाली कुणीतरी झेलल्यासारखं वाटलं, आसं म्हणली. म्या म्हणलं, तिन्हीसांजंचं वाकून बगू न्हाई."

शेषेराव पुलावरून चालत परत आला. वारा कौठ्याच्या दिशेनं होता, गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन पार मध्यापर्यंत ऐकू येत होतं. त्यानं कठड्यावरून खाली बघितलं. जलपर्णी, कडेला कपडे धुणाऱ्या बायका, एक होडी. डबा सापडला असेल कुणा भोयाला, त्यानं वर आणून ठेवला असेल, तो स्वतःशी म्हणाला. आणि साखर? तो प्रश्न त्यानं वगळला.

४

त्यानंतर डबा रोज जायचा आणि रोज यायचा. धोंडाबाई भरून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी तो त्याच जागी असायचा, पट्टीच्या पलीकडच्या बाजूला, घासून लख्ख. आत कधी साखर, कधी शेंगदाणे. एकदा ज्वारीचे दाणे आले, मोड फुटलेले. शेषेरावानं ते ओंजळीत घेतले. ते बर्फासारखे गार होते. त्यानं ते परसात फेकले, तर धोंडाबाई दिवा घेऊन एक एक वेचत बसली आणि वेचता वेचता तिनं ते खाऊन टाकले.

"त्यातलं काई खात जाऊ नको," तो म्हणाला.

"लेकीनं दिलेलं फेकू?"

तो बघत होता. धोंडाबाईचं घरचं खाणं कमी होत चाललं होतं. भाकरी पुढं घेऊन ती नुसती तुकडे करी. घरच्या पाण्याला चव न्हाई म्हणे. लुगड्याचा काठ कायम ओलसर असायचा, आणि पूल तर कोरडा खडखडीत. घरात ती हळूहळू पाहुण्यासारखी वागू लागली होती. खुर्चीच्या कडेला बसायची, आणि कुणी विचारलं तर म्हणायची, निघतेच आता.

शेषेरावाला तेव्हा खरी भीती वाटली. भुताची नाही. एक गेली, आता दुसरीही गेली तर या घरात आपण भांडायचं कुणाशी, ही ती भीती. तो मनाशी रोज ठरवायचा की उद्या डबा कुलपात टाकू, हिला लातूरला बहिणीकडं नेऊ. आणि रोज संध्याकाळ झाली की दोघं पुलाकडे निघायचे.

एकदा त्यानं स्वतः राखण केली. टपरीवर न बसता तो कठड्यापासून हाकेच्या अंतरावर उभा राहिला आणि डब्यावरची नजर काढली नाही. कॉलेजची पोरं गेली, एक ट्रॅक्टर गेला. कुणी डब्याजवळ फिरकलं नाही. मग सिटी बस पट्टीवरून गेली, पूल थरथरला, आणि बसचा धूर डोळ्यांत गेला म्हणून त्यानं पापणी मिटली. उघडली तेव्हा डबा होता तिथंच होता, पण झाकण सैल होतं. जवळ जाऊन बघितलं तर आत धपाटे नव्हते. डबा धुतलेला होता आणि त्याच्या बाहेरून पाणी ओघळत होतं. पुलाच्या त्या भागात नळ नाही.

त्या दिवशी धोंडाबाईनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि खूश होऊन सांगितलं की नववा भरत आला. मग पेटीतून जुनं मऊ लुगडं काढलं आणि बाळासाठी कुंची शिवायला घेतली.

५

मग काही दिवस डबा आलाच नाही.

शेषेरावाला वाटलं, सुटलो. धोंडाबाई मात्र आनंदात होती. ती म्हणाली, बाळंतीण झाली असंल, तिला कुटली सवड? कुंचीला तिनं लाल गोंडे लावले. शेषेराव त्या गोंड्यांकडे बघायचा नाही, पण ती झोपली की हळूच हात लावून बघायचा. किती लहान डोकं असतं लेकराचं. तनुजाचं असंच होतं, त्याच्या तळहातावर मावायचं. तो ड्यूटीवरून यायचा तेव्हा ती झोपलेली असायची आणि तो निघायचा तेव्हाही झोपलेली असायची. लेक मोठी झाली ती सगळी त्याच्या पाठीमागं. नातवंडाला मात्र आपण पोटभर बघायचं, असं त्यानं ठरवलं होतं. हेही त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

एका दुपारी तो घरात एकटा होता. डबा पुन्हा मांडणीवर होता. कधी आला, कुणी आणला, काही कळलं नाही. त्यानं झाकण काढलं. या वेळी आत काहीच नव्हतं. तो झाकण लावणार, एवढ्यात त्याला वाटलं की आतून काहीतरी ऐकू येतंय. डबा असा रिकामा असला की हवा घुमतेच, त्यानं स्वतःला समजावलं, आणि समजावता समजावता कान लावला.

आत एक घर होतं. म्हणजे घराचा आवाज होता. लांब कुठंतरी भांडी विसळली जात होती. बायका दबक्या आवाजात बोलत होत्या, जसं एखादं बाळ नुकतंच झोपलंय. कुणीतरी अनवाणी चाललं. चूल फुंकली गेली. आणि या सगळ्याच्या अलीकडे, अगदी कानाशी, पाळण्याची कडी सावकाश कुरकुरत होती.

शेषेरावानं डबा खाली ठेवायला हवा होता. तो ऊन भिंतीवर चढेपर्यंत तसाच कान लावून बसून राहिला. धोंडाबाई बाजारातून आली तेव्हा त्याचा गाल आणि शर्टाची कॉलर ओली होती. तिनं पिशवीतून हरभरे काढून टोपलीत ओतले, आणि मग पुन्हा पिशवीत भरले. बारशाच्या घुगऱ्या बाळाकडचे करतात, आपण न्हाई, असं ती स्वतःशीच म्हणाली.

६

त्या संध्याकाळी ती कुंची घेऊन निघाली. शेषेरावानं तिला अडवलं नाही. मात्र मनाशी पक्कं केलं की आजचा शेवटचा दिवस. उद्या सकाळच्या गाडीनं लातूर. तो टपरीवर बसला, पण चहा मागवला नाही.

सूर्य घाटामागं टेकला होता. पुलावर रोजचीच गर्दी, ऑटोंचे भोंगे, घरी परतणारी माणसं. धोंडाबाई मध्यावर पोचली आणि कठड्याकडे वळून उभी राहिली. शेषेरावानं डोळ्यांवर हात धरला. मध्येच दोन ऑटो आडवे आले. ते सरकले, तेव्हा पुलावर त्या दोघी होत्या.

त्याला जागचं हलता येईना. एक बारीक, ती धोंडाबाई. दुसरी आता गोल नव्हती. ती कठड्याच्या नेमकी अलीकडे होती की पलीकडे, हे त्या उन्हात कळत नव्हतं. तिच्या खांद्यावर काहीतरी होतं, आणि धोंडाबाई हात उंच करून त्याच्यावर कुंची बसवत होती, नाडी बांधत होती. दुसरीनं मान वळवली. टपरीकडे बघितलं. तिनं हात वर केला नाही, कारण तिचे दोन्ही हात गुंतलेले होते.

शेषेराव पळत सुटला. या वयात, त्या वाहनांतून, एका हातानं धोतर सावरत. कुणी शिवी दिली, कुणी ब्रेक मारला. त्याच्या डोक्यात एकच होतं, हिचं मनगट धरायचं आणि घरी न्यायचं, मग ती रडो, बोंबलो, काही करो. सिटी बस त्याच्या अंगावरून गेल्यासारखी गेली, पट्टी वाजली, पूल थरथरला.

धोंडाबाई एकटी होती. हातात कुंची नव्हती, डबा होता. डबा काठोकाठ घुगऱ्यांनी भरलेला, आणि घुगऱ्यांवरून वाफ येत होती. ती चावत होती. तिच्या खांद्यावर दुधाचा ओला डाग होता. त्यानं तिचं मनगट पकडलं. ते इतकं गार होतं की त्याची बोटं दुखली.

"थुक ते," तो म्हणाला. "घरी चल. थुक, तनुजाची माय."

ती गिळून मोकळी झाली. किती दिवसांत त्यानं तिचं तोंड असं भरलेलं बघितलं नव्हतं.

"आता काय हरकत हाय?" ती म्हणाली. "लेकरू झालं तिला. आता तिच्या घरी जेवता येतं की आपल्याला. पानं वाढून ठिवलीत म्हणली. तुमचाबी पाट मांडलाय."

शेषेरावाला म्हणायचं होतं की ती मेली, आपण दोघांनी तिला जाळताना बघितलं. म्हणायचं होतं की उद्या लातूरला जाऊ, बहिणीकडं राहू, तू घरचं पाणी पी. सगळं तोंडाशी आलं होतं. खाली पाण्यावर अंधार धरत होता, आणि त्या अंधारात, पुलाच्या पोटाखाली, भांडी मांडल्याचा आवाज होत होता. वाढायला कुणी आलं होतं. पाळण्याची कडी थांबली, आणि एक लेकरू उठून रडू लागलं.

"कुणावर गेलंय?" शेषेरावानं विचारलं.

"पोरगी हाय," धोंडाबाई म्हणाली. "नाक तुमचं घेतलंय."

त्यानं तिचं मनगट सोडलं आणि घुगऱ्यांसाठी ओंजळ पुढं केली.